हीराबाईंच्या ओट्यावरची वजनं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वसाहतीच्या सहकारी भांडाराचे चेअरमन माननीय तोताराम नाना; प्रमुख पाहुणे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक बन्सीलाल गुरुजी; भांडाराचे संचालक दलिचंदभाऊ; समोर बसलेल्या माताभगिनींनो आणि बंधूंनो; पुढच्या सतरंजीवरच्या माझ्या अकरा विद्यार्थ्यांनो; आणि दाराबाहेर चपलांपाशी उभे असलेले मंगाभाऊ व दगडीबाई, ज्यांना आत बसायला सांगण्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही;

आज रविवार, दिनांक २० फेब्रुवारी १९६६. समोरच्या घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली आहेत. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी मांडीवरच्या शालीची घडी सरळ करत होतो आणि खिशातला एक कागद जागेवर आहे की नाही, हे चौथ्यांदा चाचपून पाहत होतो. तो जागेवर आहे. त्या कागदाबद्दल मी थोड्याच वेळात बोलणार आहे.

मला भाषणाची सवय नाही. मी नववी नापास माणूस. स्टेशन रस्त्यावरच्या छापखान्यात खिळे जुळवतो. दुसऱ्यांची भाषणं मात्र मी आजवर शंभराच्या वर जुळवली आहेत. 'माझ्याजवळ शब्द नाहीत' हे वाक्य आलं, की पुढे किमान चार पानं आहेत हे आम्हा खिळेवाल्यांना कळतं. तेव्हा ते वाक्य मी म्हणणार नाही. माझ्याजवळ शब्द आहेत. मोजून आणले आहेत.

प्रथम नानांचे आभार. नाना आत्ता माझ्याविषयी म्हणाले की सुकलाल मास्तर गुणी आहे, नम्र आहे, वसाहतीचं भूषण आहे. बारा दिवसांपूर्वी, आठ फेब्रुवारीला, दलिचंदभाऊंच्या ओट्यावर उभं राहून हेच नाना मला "दोन दमड्यांचा खिळेवाला" म्हणाले होते. बारा दिवसांत एका माणसाची एवढी उन्नती झालेली मी कुठल्याही चरित्रग्रंथात जुळवलेली नाही.

आणि हा निरोप. मंडळी, निरोप कुणाला देतात? जो जातो त्याला. मी कुठंही निघालो नव्हतो. समारंभाची निमंत्रणपत्रिका छपाईला आमच्याच छापखान्यात आली आणि योगायोगाने माझ्याच केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणपेटीपाशी आली. मी जुळवू लागलो: 'सुकलाल मास्तर धुळ्यास जात असल्यामुळे...' ती ओळ जुळवता जुळवता मला कळलं की मी धुळ्यास जातो आहे. माणसाला गावाबाहेर काढायच्या पुष्कळ रीती आहेत. शाल, श्रीफळ आणि पेढा देऊन काढण्याची रीत सर्वांत स्वच्छ. मागाहून कुणी म्हणू शकत नाही की काढलं.

त्या संध्याकाळी नानांनी बोलावून सगळं समजावून सांगितलं. धुळ्याच्या एका मोठ्या छापखान्यात फोरमनची जागा रिकामी आहे. मालक नानांच्या ओळखीचे. नानांनी शिफारसपत्र लिहून ठेवलं आहे. ते या क्षणी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. अट एकच. आज सत्काराला उत्तर देताना मी माझ्या खिशातला कागद सर्वांसमोर वाचायचा. कागदावर असं आहे, की मुलांनी खेळात केलेली दगडाची वजनं चुकीची होती, त्यावरून निघालेला निष्कर्षही चुकीचा होता आणि वर्ग चालवणारा म्हणून मला त्याचा खेद वाटतो. कागदात शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. सवय. सहावी चूक शुद्धलेखनाची नसल्यामुळे ती पेन्सिलीने दुरुस्त होईना.

नाना, खोकू नका. मी विषयावरच आहे.

ज्यांना ओट्यावरचा वर्ग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगतो. दलिचंदभाऊंच्या मातोश्री हीराबाई तिकडे स्त्रियांच्या बाजूला बसल्या आहेत. गेल्या वर्षी त्यांची नात चंदन हिला इतिहासात पन्नासपैकी सात गुण मिळाले. हीराबाईंनी मला बोलावलं. कारण मी जे मार्गदर्शक जुळवतो त्यातूनच मुलं पाठ करतात, तर मला इतिहास येत असणार, असा त्यांचा समज. मी चंदनची उत्तरपत्रिका पाहिली. प्रश्न होता, 'मोहेंजोदडो येथील सांडपाण्याची व्यवस्था कशी होती?' चंदनने लिहिलं होतं, 'उत्तम.' आणि तिला पैकीच्या पैकी गुण होते! मार्गदर्शकात उत्तर तेच आहे. मीच जुळवलं आहे. मी चंदनला विचारलं, "उत्तम म्हणजे कशी गं?" ती म्हणाली, "मास्तर, उत्तमच्या पुढे पूर्णविराम आहे."

पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आखून, मापून, विटा भाजून गटारं बांधली. आपण त्यांच्या श्रमावर एक शब्द ठेवतो आणि पुढे पूर्णविराम. याला या वसाहतीत शिक्षण म्हणतात. त्याची फीही घेतात.

मग आम्ही गेल्या जूनपासून सकाळी साडेसहा ते आठ या वेळात ओट्यासमोर शहर बांधायला घेतलं. गिरणेची माती आणली. लाकडी साचा केला. विटेची उंची एक, रुंदी दोन, लांबी चार, या त्या लोकांच्याच प्रमाणात बोटभर विटा पाडल्या. मुलं चार होती, पुढे अकरा झाली. पाचवी आली ती कुणी न बोलावता. मंगाभाऊ आपल्या वसाहतीच्या बांधकामावर मजूर आहेत, सातपुड्याकडचे. त्यांची मुलगी जमना पाण्याची घागर घेऊन चालली होती. शाळेत नाव नाही, वय दहा. ती थांबली, आमचं गटार पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, उतार कोठे शे? पानी काय वर चढी?"

मी नऊ पुस्तकं चाळून गटार आखलं होतं. उतार राहिला होता.

जमनाने उतार दिला. वरच्या घरात तांब्याभर पाणी ओतलं, ते सात वळणं घेत गेलं आणि थेट दलिचंदभाऊंच्या नव्या चपलेत उतरलं. भाऊ ओरडले, "मास्तर, इतिहास शिकवता का नळकाम?" चंदन पायरीवरून म्हणाली, "बापूजी, व्यवस्था उत्तम आहे." त्या दिवशी त्या मुलीला उत्तमचा अर्थ कळला. सात गुणांची मुलगी सहामाहीत एकेचाळीसवर गेली. हे मी फुशारकीने सांगत नाही. गटाराने गुण दिले.

मग धुण्याच्या साबणाच्या वड्या कोरून मुद्रा केल्या. बाभळीच्या काट्याने मातीचे मणी भोकले. आणि सप्टेंबरमध्ये एके दिवशी आपले आजचे प्रमुख पाहुणे बन्सीलाल गुरुजी पाहणीला आले. गुरुजींना सगळ्या सनावळ्या पाठ आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो पंचांगाबद्दलही आहे. गुरुजींनी मुलांना नद्या विचारल्या, राजे विचारले, मुलांनी सांगितलं. मग जमनाने हात वर केला. "गुरुजी, तठला शेर केवढा व्हता?"

गुरुजी म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही, बेटा."

आणि जाताना मला म्हणाले, "सुकलाल, हा इतिहास नव्हे. हा चिखलकाला आहे." गुरुजी, आपण म्हणालात ते खरं. आपला इतिहास कोरडा असतो, हात खराब होत नाहीत. पण मुलीचा प्रश्न मात्र परीक्षेला आला, गुरुजी. कुणाच्या परीक्षेला, ते सांगतो.

तठला, म्हणजे तिथल्या लोकांचा, शेर केवढा होता, हे कळण्यासाठी आम्ही वजनं करायला घेतली. त्या लोकांची लहान वजनं दुपटीने वाढत: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. जमनाची आई दगडीबाई दर पंधरवड्याला आपल्या पाड्यावर जाते, चार घरांचा डिंक गोळा करून आणते आणि आपल्या भांडाराला विकते. तिने नाल्यातल्या गारगोट्या आणल्या. मुलांनी ओल्या फरशीवर त्या घासायला सुरुवात केली. दोन महिने घासल्या. लालचंद नावाचा मुलगा, तो बघा, मान खाली घालून बसला आहे, त्याच्या बोटांची सालं गेली. पालक तक्रार घेऊन आले. मुलगा आला नाही, तो घासत होता.

पण घासायचं कशाच्या मापाने? तिथे हीराबाई पुढे झाल्या. त्यांनी आपल्या पेटीतले चाळीस राणीछाप रुपये काढून दिले. जुना चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नवे किलो येऊन चार वर्षं झाली तरी आपण मनात तोळ्यातच मोजतो. एका रुपयाला एक तोळ्याचा दगड, दोहोंना दोनाचा, असं करत बत्तीसपर्यंत गेलो. चौसष्टाच्या दगडासमोर चाळीस रुपये, सोळाचा दगड आणि आठाचा दगड ठेवला. बाभळीची दांडी, दोन पितळी ताटल्या, सुतळी. काटा इतका हलका की लालचंदने एका ताटलीत मिरी टाकली तर दांडी कलायची.

आता एक किलो म्हणजे किती तोळे? भांडाराच्या भिंतीवर तक्ता आहे: शहाऐंशी. नेमकं म्हटलं तर पाव तोळा कमी, पण पाव सोडून देऊ. मुलांना आपली वजनं पडताळून पाहायची होती. चंदन संचालकांची मुलगी, ती भांडारात गेली आणि तोलणाऱ्या नथ्थूभाऊंकडे किलोचं वजन मागितलं. सकाळची घाई होती. त्यांनी हाताशी होतं ते दिलं.

पाच जानेवारी, बुधवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. एका ताटलीत भांडाराचा लोखंडी किलो. दुसरीत आमचे चौसष्ट, सोळा, चार आणि दोन. बेरीज शहाऐंशी. लोखंड हललं नाही.

मी म्हणालो, मोजणीत चूक आहे. पुन्हा ठेवलं. नाही. जमनाने मला न विचारता सोळा, चार आणि दोन उचलले आणि चौसष्टाशेजारी बत्तीसचा दगड ठेवला. दांडी आडवी झाली. चौसष्ट आणि बत्तीस. शहाण्णव.

मी काय केलं ते सांगतो, कारण आज तेच सांगायला उभा आहे. मी जमनावर चिडलो. मोठे दगड तिनेच शेवटी घासले होते. मी म्हणालो, "तू जास्त घासलेस. दगड हलके झाले. तुझ्यामुळे सगळ्यांचं काम वाया गेलं." ती म्हणाली, "मास्तर, दगड लबाड नही शेत." मी दहा मुलांसमोर तिला कान धरायला लावले आणि 'माझं चुकलं' असं तीन वेळा म्हणवून घेतलं. तिने म्हटलं. लहान आवाजात म्हटलं, तर मी चौथ्यांदा मोठ्याने म्हणायला लावलं.

सरकारी शिक्का मारलेलं लोखंड खरं आणि पाणी भरणाऱ्या मुलीचा दगड खोटा. मला हे विचारावंही लागलं नाही, माझ्या हाताला ते आपोआप माहीत होतं. या हॉलमधल्या लोकांबद्दल मला जे वाटतं ते मी पुढे बोलणारच आहे. पण त्या रांगेत पहिली खुर्ची माझी होती, एवढं आधी नोंदवून ठेवतो.

मग मला वाटलं, रुपये झिजलेले असतील. हीराबाईंना मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "म्हारा रिपिया खोटा कोनी, मास्तर. सराफ के जाओ." मी एरंडोलला मामांकडे गेलो होतो तेव्हा तिथल्या ओळखीच्या सराफाकडे चाळीसही रुपये नेले. जळगावात नेले नाहीत. मी घाबरट आहे. सराफाने सगळे तोलले. झीज होती, पण चाळीसांत मिळून पाऊण तोळासुद्धा नाही. दहा तोळ्यांचं कोडं सुटत नव्हतं. तेरा तारखेला मी स्वतः भांडारात गेलो. नथ्थूभाऊंना म्हणालो, किलो द्या. त्यांनी वेगळा दिला. ओट्यावर आणून तोलला. चौसष्ट, सोळा, चार, दोन. दांडी आडवी. शहाऐंशी!

एका दुकानात दोन किलो. मी परत जाऊन विचारलं, "नथ्थूभाऊ, हे काय आहे?" नथ्थूभाऊ लपवाछपवी करणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी मला वेड्यात काढलं. "मास्तर, हाऊ देवाना किलो शे, तो लेवाना." हा देण्याचा, तो घेण्याचा. जसं पायताण उजव्या पायाचं वेगळं, डाव्याचं वेगळं. मी विचारलं, "लेवाना कोणासाठी?" ते म्हणाले, "डोंगरनी मानसं माल आनतस, त्यासनासाठे." नथ्थूभाऊंचा यात दोष नाही आणि उद्या त्यांच्या नोकरीला कुणी हात लावला, तर आजचे दीडशे साक्षीदार आहेत हे लक्षात असू द्यावं.

दलिचंदभाऊ, चिठ्ठी पोचली. 'थोडक्यात आटपा.' थोडक्यातला ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे, अभिनंदन.

मी पंधरा तारखेला दलिचंदभाऊंना सांगितलं. भाऊंनी आधी दार लावलं, मग ऐकलं. दुसऱ्या दिवशी नाना आले. नानांचं स्पष्टीकरण मी तसंच सांगतो, पदरचा एक शब्द घालत नाही. नाना म्हणाले, "पोरा, धंद्यातलं तुला काय समजतं? डिंक ओला येतो. सुकला की तूट येते. ती तूट आधीच धरून वजन केलेलं असतं. बापजाद्यांपासूनची रीत आहे. बठ्ठा बाजार असाच चालतो."

मला ते पटलं. खरंच पटलं. मी मुलांना तसं सांगितलं. आणि इथे, गुरुजी, चिखलकाल्याचा दोष दिसून आला. पाठ करणारी मुलं असती तर त्यांनी लिहून घेतलं असतं: 'तूट दहा तोळे. पूर्णविराम.' या मुलांना खोड लागली होती. लालचंद म्हणाला, "मग सुकवून पाहू."

दगडीबाईकडून ताजा डिंक घेतला, नेमका शहाऐंशी तोळे. सुपात पसरून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. सतरा जानेवारी ते सात फेब्रुवारी. एकवीस दिवस रोज सकाळी तोलला, चंदनने वहीत मांडला. माकडाने येऊ नये म्हणून हीराबाई स्वतः काठी घेऊन बसायच्या. एकविसाव्या दिवशी भरला चौऱ्याऐंशी. तूट दोन तोळे. मग उरलेले आठ तोळे कुठं सुकतात, नाना? कोणत्या उन्हात?

दगडीबाईला लिहिता येत नाही. तिने दिवाळीपासून भांडारात दिलेल्या प्रत्येक किलोमागे सुतळीला एक गाठ मारून ठेवली होती. चोपन्न गाठी होत्या. मुलांनी त्या मोजल्या आणि सांगितलं की शाई नसलेल्या लोकांची हीच वही. दोन तोळे तूट नानांच्या बाजूने सोडून दिली, तरी किलोमागे आठ तोळे जास्त गेले. चोपन्न गाठींचे चारशे बत्तीस तोळे. पाच किलोंच्या वर. एका बाईचे, एका हिवाळ्यातले. आणि डोंगरातून माल आणणारी ती एकटी नाही.

आठ फेब्रुवारीला चंदनने ती वही वडिलांना दाखवली. वडिलांनी नानांना बोलावलं. त्या दिवशी मला माझी किंमत कळली, दोन दमड्या, आणि त्या दिवशी वर्ग बंद झाला. कारण सांगितलं गेलं, वार्षिक परीक्षा जवळ आली. मुलांचे दगड एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकले. शहर फावड्याने सपाट केलं.

आता मी या सभागृहाबद्दल बोलतो. नानांबद्दल मला फारसं काही वाटत नाही. माणूस सापडला की ओरडतो, हा निसर्ग आहे. पण हे सगळं वसाहतीत महिनाभर सर्वांना ठाऊक होतं. मी आठ घरांत जाऊन सांगितलं. प्रत्येक घरात मला चहा मिळाला. आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला गेला: "पण आपल्याला देतात ते वजन बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "आहे." लगेच चेहरे निवळले. "मग मास्तर, तुम्ही कशाला उगीच?"

मंडळी, या थंडीत माझ्या घरात डिंकाचे लाडू झाले नाहीत, असं या हॉलमधलं कुणी हात वर करून सांगू शकेल? बाळंतिणीला झाले, परीक्षेच्या मुलांना झाले, पाहुण्यांना झाले. मलाही एका घरी मिळाला. मी खाल्ला. चांगला होता. स्वस्तही पडला असणार. आपण सगळे सुशिक्षित आहोत. आपल्याकडे दोन वर्तमानपत्रं येतात. आपण संस्कृती म्हणतो, परंपरा म्हणतो, पाच हजार वर्षांचा वारसा म्हणतो. त्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं एक वजन शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या गावातल्या वजनाला जुळायचं. आपल्याला एका दुकानातले दोन किलो जुळवता आले नाहीत. आणि हे दहा वर्षांच्या मुलांनी दाखवलं, तेव्हा आपण मुलांचे दगड माळ्यावर टाकले, मास्तरासाठी वर्गणी काढली आणि शाल आणली. शाल बरी आहे. गरम आहे.

नाना, बसा. दोन मिनिटं. तुमचं पत्र तुमच्याच खिशात राहू द्या. मला ती जागा हवी होती, खोटं कशाला बोलू. फोरमनचा पगार माझ्या दीडपट आहे आणि घरी आई आणि दोन बहिणी आहेत. काल रात्रीपर्यंत मी हा कागद वाचणार होतो. पाठही केला होता. पण मघाशी मी इथं बसलो आणि पुढच्या सतरंजीवर ही अकरा मुलं येऊन बसली. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय की मास्तर आज तुमच्या वजनांबद्दल बोलणार आहेत. सगळी माझ्या तोंडाकडे पाहताहेत. या मुलांनी माझं ऐकून विटा पाडल्या, मणी भोकले, बोटांची सालं काढली. आज मी इथून म्हणालो की तुमचे दगड चुकले, तर ती माझं तेही ऐकतील. आणि पुन्हा कधी काही तोलून पाहणार नाहीत.

म्हणून हा कागद मी न वाचता टेबलावर ठेवतो. पाच चुका दुरुस्त आहेत. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी स्वतःच्या सहीने वाचावा.

मुलांनो, तुमची वजनं बरोबर आहेत. सातही. मी ती एरंडोलला तोलून घेतलेल्या रुपयांशी तीनदा पडताळली आहेत. कुणीही विचारलं तर माझं नाव सांगा: सुकलाल, नववी नापास, स्टेशन रस्ता.

आता शिष्टाचार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला बोलू दिलं. त्यांना वाटलं होतं वेगळं बोलेन, तरीही आभार. प्रमुख पाहुण्यांचे आभार. हीराबाईंचे आभार मानण्याइतका मी मोठा नाही. त्यांनी रुपये दिले, ओटा दिला, माकडं हाकलली आणि आता त्या उठून दाराकडे निघाल्या आहेत ते बहुधा दगडीबाईला आत आणायला. जागा द्या, बंधूंनो, पाय आवरून घ्या.

भाषणाच्या शेवटी वक्त्याने सभेकडे क्षमा मागायची असते. काही उणंअधिक बोललो असेन तर म्हणून. या सभेला मी उणं बोललो नाही, अधिकही नाही, तोलूनच बोललो. पण एक क्षमा मला मागायची आहे आणि ती सहा आठवडे उशिरा मागतो आहे.

जमना, उभी राहा बेटा. घाबरू नकोस. पाच जानेवारीला दहा मुलांसमोर मी तुला खोटं ठरवलं. तू खरी होतीस. तुला चार वेळा म्हणायला लावलं होतं, तेव्हा मीही चार वेळा म्हणतो आणि चौथ्यांदा मोठ्याने, म्हणजे मागच्या रांगेलाही ऐकू जाईल.

माझं चुकलं. माझं चुकलं. माझं चुकलं.

माझं चुकलं, जमना!